कुमारवयातील दीर्घ थकवा : ओळख आणि उपाय

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात मुखेड येथे दिलेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारानंतर लगेच आमच्या व्याख्यानाची योजना चिटणीसांनी केली आहे. ज्या मुलामुलींच्या गळ्यात आपण आताच हार घातले, त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु आम्हांस आज बोलावयाचे आहे ते या मंडपात येऊ न शकलेल्या मुलांविषयी. काही महिन्यांपूर्वीपर्यंत ती हसतखेळत शाळेत जात होती. मध्येच एखादा ताप आला, तो उतरला, पण अंगातील शक्ती परतली नाही. सकाळी अंथरूण सोडवत नाही, दोन जिने चढले की पाय भरून येतात, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते. घरचे म्हणतात आळशी झाला. शाळेत म्हणतात कामचुकार आहे. शेजारीपाजारी म्हणतात दृष्ट लागली. मूल बिचारे स्वतःशी म्हणते, माझ्यातच काहीतरी खोट असावी. समाजाचा गौरव करणाऱ्या मुलांची आपण दखल घेतो, तशीच या मुलांचीही घ्यावी, एवढ्या हेतूने आम्ही हा विषय निवडला आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. थकवा हा एकच शब्द आपण तीन निरनिराळ्या गोष्टींस लावतो. पहिला थकवा श्रमाचा व अपुऱ्या झोपेचा. तो विश्रांतीने जातो. दुसरा थकवा शरीरातील एखाद्या उणिवेचा वा रोगाचा. मूळ कारणावर उपचार केला म्हणजे तोही जातो. तिसरा थकवा हा स्वतःच एक आजार आहे. तो विश्रांतीने हटत नाही आणि श्रमाने बळावतो. वैद्यक त्यास 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' म्हणते. आपण त्यास दीर्घ थकव्याचा विकार म्हणू. या तिन्हींची गल्लत केल्यामुळेच मुलांचे नुकसान होते. पहिल्यास औषध दिले जाते, दुसऱ्यास उपदेश केला जातो, आणि तिसऱ्यास तर शिक्षाच होते.

पहिल्या प्रकारापासून आरंभ करू. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास दररोज आठ ते दहा तास झोप आवश्यक असते. या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते. रात्री लवकर झोप येत नाही आणि पहाटे जाग येत नाही. हा निसर्गक्रम आहे, त्यात उद्धटपणा नाही. आता आपल्याकडील दिनक्रम पाहा. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांनी कष्टांनी 'लातूर पॅटर्न' उभा केला आणि मराठवाड्याचे नाव राज्यभर नेले, याचा आपणा सर्वांस अभिमान आहे. त्या आकर्षणाने मुखेड, देगलूर, कंधार या भागांतील पुष्कळ मुले अकरावी-बारावीस लातूर वा नांदेड येथे खोली घेऊन राहतात. पहाटे शिकवणी, दिवसा महाविद्यालय, सायंकाळी पुन्हा शिकवणी, रात्री सराव-परीक्षा, आणि त्यानंतर हातात मोबाईल. खानावळीच्या डब्यातील अर्धे जेवण तसेच राहते. झोप पाच तासांवर येते. गावी राहिलेल्या मुलीचे चित्र निराळे, पण परिणाम तोच : पाणी भरणे, भाकरी करणे, धाकट्यांस सांभाळणे आणि मग अभ्यास. अशा मुलास प्रथम तीन आठवडे पुरेशी झोप व वेळेवर जेवण मिळू द्यावे. तेवढ्याने ते टवटवीत झाले तर प्रश्न तेथेच मिटला.

दुसऱ्या प्रकारात आपल्या देशापुरते पहिले नाव रक्तक्षयाचे येते. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी सुमारे 59 टक्के व मुलांपैकी सुमारे 31 टक्के रक्तक्षयी आढळली. म्हणजे दहा मुलींत सहा. शाळांतून आठवड्यास एक निळी गोळी देण्याची शासनाची योजना आहे. तीत 60 मिलिग्रॅम लोह व 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. ही गोळी पुष्कळ मुले खिशात ठेवतात व वाटेत फेकून देतात, कारण ती घेतल्यावर मळमळते. जेवणानंतर घेतली तर हा त्रास कमी होतो. जेवणावर लगेच चहा घेण्याची आपली सवय मात्र मोडली पाहिजे. चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही, लिंबू पिळल्याने ते अधिक लागते. जंतांची गोळीही चुकवू नये.

परंतु प्रत्येक थकव्याचे खापर रक्तक्षयावर फोडणेही योग्य नव्हे. थायरॉईडची मंदता, ब-12 जीवनसत्त्वाची उणीव, क्षय, मधुमेह, कावीळ, सिकलसेल आणि मनाचे नैराश्य, यांतील कोणतेही कारण थकव्याचा वेष घेऊन येऊ शकते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा सायंकाळचा ताप, वजन झपाट्याने घटणे, वारंवार लघवी व अतिशय तहान, गळ्यात वा काखेत गाठी, चालताना धाप, यांपैकी काहीही असेल तर एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठावे. मुखेडला उपजिल्हा रुग्णालय आहे. नांदेडला विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रक्ताच्या साध्या तपासण्यांतून यांतील बहुतेक कारणे कळतात.

येथे आपल्या शेजारच्या गोव्यातील एका पाहणीचा उल्लेख करणे उचित होईल. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील सुमारे अडीच हजार प्रौढ स्त्रियांची विचारपूस व तपासणी केली आणि 2005 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरांतील बारा स्त्रियांस सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा होता. आश्चर्य असे की रक्तातील हिमोग्लोबिनशी त्या थकव्याचा संबंध जुळला नाही. तो जुळला दारिद्र्याशी, मनाच्या क्लेशांशी आणि पतीकडून होणाऱ्या छळाशी. ही पाहणी स्त्रियांची होती, कुमारवयीन मुलांची नव्हती. तरीही तिच्यापासून आपण एक बोध घ्यावा : थकलेल्या माणसाचे रक्त तपासावे, तसेच त्याचे घर आणि मनही विचारात घ्यावे.

आता तिसऱ्या प्रकाराकडे वळू. झोप पुरेशी झाली, तपासण्या निर्दोष आल्या, आणि तरीही मूल उठत नाही. अशा वेळी पुष्कळदा ऐकावयास मिळते की रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे लेकराला काही झालेले नाही. हा निष्कर्ष घाईचा आहे. दीर्घ थकव्याचा विकार दाखवील अशी एकही रक्ततपासणी अद्याप उपलब्ध नाही. तो लक्षणांवरूनच ओळखावा लागतो. 2015 साली अमेरिकेतील वैद्यक-विद्वानांच्या मंडळाने ही लक्षणे निश्चित केली. पूर्वी नसलेला व विश्रांतीने न जाणारा थकवा, ज्यामुळे शाळा, खेळ, मैत्री यांत मोठी घट झाली आहे. कितीही झोपले तरी ताजेपणा न येणे. आणि श्रमानंतर प्रकृती ढासळणे. यांच्या जोडीस स्मरण व एकाग्रता मंदावणे किंवा उभे राहिले असता चक्कर, धडधड होणे, यांपैकी एक तरी असते.

यांतील श्रमानंतरची ढासळ ही या आजाराची खरी खूण होय. तिचे वैशिष्ट्य असे की ती ताबडतोब येत नाही. समजा, नववीतील एका मुलाला रविवारी बरे वाटले, तो मित्रांबरोबर दोन तास क्रिकेट खेळला. सायंकाळपर्यंत तो ठीक होता. सोमवारी किंवा मंगळवारी त्याचे अंग मोडून आले, घसा दुखू लागला, प्रकाश व आवाज सोसवेना, आणि पुढचे चार दिवस तो खाटेवर पडून राहिला. घरच्यांस दिसते ते एवढेच, की खेळायला शक्ती होती आणि शाळेच्या वेळी मात्र ती गेली. येथेच ढोंगाचा आरोप जन्म घेतो. खेळण्याचे दाम दोन दिवस उशिराने वसूल झाले, हे ध्यानात कोणी घेत नाही. अभ्यासासारख्या बौद्धिक श्रमानेही असेच घडते.

हा विकार बहुधा एखाद्या संसर्गानंतर सुरू होतो. अमेरिकेत शिकागो येथे ग्रंथिज्वर होऊन गेलेल्या 301 कुमारवयीन मुलांचा मागोवा घेण्यात आला. सहा महिन्यांनी त्यांपैकी 13 टक्के, वर्षाने 7 टक्के व दोन वर्षांनी 4 टक्के मुले या विकाराने ग्रस्त होती. करोनानंतर महिनोन्‌महिने रेंगाळणारा थकवा आता जगास परिचित झाला आहे. आपल्या प्रदेशास चिकनगुन्याचा अनुभव आहे. 1973 साली बार्शी येथे त्याची साथ आली होती. पुढे तीसेक वर्षे तो विस्मरणात गेला आणि 2006 साली मराठवाड्यातील गावोगावी परतला. ताप आठवड्यात गेला, पण सांधे व शक्ती यांनी कित्येकांस महिनोन्‌महिने छळले, हे आपल्यापैकी अनेकांनी स्वतः पाहिले असेल. तापानंतर थकलेली बहुतेक मुले आपोआप सावरतात, हेही ध्यानात असू द्यावे. परंतु चार आठवडे उलटूनही मूल सावरले नाही तर बालरोगतज्ज्ञास दाखवावे, आणि तीन महिन्यांपर्यंत वर सांगितलेली लक्षणे टिकली तर या विकाराचे निदान करता येते, असे ब्रिटनच्या 'नाइस' या मार्गदर्शक संस्थेने 2021 साली सांगितले आहे. तारुण्यात पदार्पण केल्यानंतर हा विकार मुलांपेक्षा मुलींत अधिक आढळतो.

या आजाराचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी अविश्वासाचा इतिहास आहे. 1955 साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात अशाच एका आजाराची साथ आली. सुमारे तीनशे माणसे आजारी पडली. त्यांत दाखल झालेले रुग्ण थोडे, आणि परिचारिका व इतर सेवकवर्ग बहुसंख्य. रुग्णालय दोन महिन्यांहून अधिक काळ बंद ठेवावे लागले. पंधरा वर्षांनी, 1970 साली, दोन मानसतज्ज्ञांनी त्या रुग्णांची प्रत्यक्ष भेट न घेता, जुन्या कागदपत्रांवरून, हा सामूहिक उन्माद होता असे जाहीर केले. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेने 1969 सालीच या विकाराची गणना मज्जासंस्थेच्या रोगांत केली होती. तरी संशयाची छाया अनेक दशके टिकली. लंडनच्या परिचारिकांची ही गत, तर आपल्या वाडी-तांड्यावरील एखाद्या मुलीचे म्हणणे कोण ऐकणार? म्हणून या आजारावरील पहिला उपचार आम्ही असा सांगतो : मूल थकलो म्हणते, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवा. या उपचारास पैसा लागत नाही, आणि तो न केल्यास पुढील कोणताच उपचार लागू पडत नाही.

उपचारांसंबंधी आता स्पष्ट बोलू. हा विकार समूळ नाहीसा करील असे औषध आज कोणापाशीही नाही. झोप, वेदना, चक्कर यांवर वैद्याच्या सल्ल्याने इलाज होतो व त्याने जीवन पुष्कळ सुसह्य होते. उभे राहिल्यावर चक्कर येत असेल तर पडल्या अवस्थेत व उभे राहून दहा मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब मोजून घ्यावेत. पाणी व मीठ वाढविण्यासारख्या साध्या उपायानेही काहींस उतार पडतो, मात्र तो वैद्यास विचारून करावा. आपल्याकडे अशक्तपणा म्हटला की सलाईन लावा, ताकदीचे इंजेक्शन द्या, असा आग्रह होतो. बाटलीभर सलाईनमध्ये मीठपाणी वा थोडी साखर असते. त्याने हा विकार बरा होत नाही. खिसा मात्र रिकामा होतो. हीच गोष्ट टॉनिकांची आणि गंडे-दोऱ्यांची.

मग करावयाचे काय? आपल्या डोंगराळ तालुक्यातील उन्हाळ्याची विहीर डोळ्यांसमोर आणा. झरा जिवंत आहे, पण बारीक आहे. रात्रभरात जेवढे पाणी साचते तेवढेच सकाळी उपसले तर विहीर सारा उन्हाळा साथ देते. एके दिवशी मोटार लावून तळ गाठला तर पुढचे तीन दिवस चिखलच हाती येतो. या मुलांच्या शक्तीची गोष्ट अगदी अशीच आहे. झरा किती आहे हे ओळखणे आणि उपसा त्याच्या आत ठेवणे, यातच सारे व्यवस्थापन आले.

त्यासाठी आम्ही काही नियम सुचवितो. एका वहीत पंधरा दिवस रोजची नोंद ठेवावी : मूल किती वेळ उठून बसले, किती चालले, किती वाचले, आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत प्रकृती कशी राहिली. त्यावरून कोणता श्रम सोसतो व कोणता सोसत नाही हे दिसू लागते. सोसणाऱ्या मर्यादेच्या थोडे आतच राहावे. थकवा येण्यापूर्वी थांबावे. अभ्यास एका बैठकीत न करता वीस-वीस मिनिटांचे तुकडे करून, मध्ये शांतपणे पडून, करावा. स्नान, केस धुणे, जिना चढणे हेही श्रमच आहेत, ते हिशेबात धरावेत. बरे वाटेल त्या दिवशी साचलेले सर्व काम उरकून टाकण्याचा मोह आवरावा. सर्वांत अधिक ढासळ त्या मोहातूनच होते. उठण्याची वेळ शक्यतो ठरावीक असावी. कित्येक आठवडे प्रकृती स्थिर राहिली, तरच मुलाच्या संमतीने अगदी थोडी वाढ करून पाहावी, आणि त्रास झाल्यास निमूटपणे मागे यावे.

"रोज थोडे थोडे पळव, आपोआप ताकद येईल," असा सल्ला वडीलधारी मंडळी सद्भावनेने देतात. निरोगी मुलास तो योग्यच आहे. एके काळी वैद्यकही या रुग्णांस ठरावीक क्रमाने वाढत जाणारा व्यायाम सांगत असे. परंतु उपलब्ध पुराव्याची फेरतपासणी केल्यावर 'नाइस' संस्थेने 2021 साली तो सल्ला मागे घेतला. ज्या आजारात श्रमानेच प्रकृती ढासळते, त्यात बळेच श्रम करविणे हे लंगड्या बैलास पराणी टोचण्यासारखे आहे.

शाळेविषयी दोन शब्द. येथे अनेक गुरुजन उपस्थित आहेत, त्यांस आमची विनंती आहे की अशा विद्यार्थ्यास कवायतीतून व प्रार्थनेच्या वेळी उभे राहण्यातून मोकळे ठेवावे, अर्धा दिवस येण्याची मुभा द्यावी, आणि स्वाध्यायाचा भार हलका करावा. पूर्ण दिवस येऊन आठवडाभर गैरहजर राहण्यापेक्षा रोज दोन तास येणे हिताचे. दहावीचे वर्ष आले की आईवडिलांचा धीर सुटतो. परंतु एक वर्ष मागे पडल्याने आयुष्य मागे पडत नाही. राज्य मंडळाची परीक्षा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत विषय वाटून घेऊन सवडीने परीक्षा देता येते. दारे अनेक आहेत; ती उघडून दाखविणे हे वडीलधाऱ्यांचे काम.

मनाचाही विचार केला पाहिजे. हा आजार मनाने उत्पन्न केलेला नाही. पण खाटेवर पडून मित्र पुढे जाताना पाहणाऱ्या मुलाचे मन खचणार नाही तर काय होईल? नैराश्य आल्यास त्यावर स्वतंत्र उपचार व्हावेत. मनाच्या डॉक्टरकडे नेले म्हणजे मूल वेडे ठरले, ही समजूत आता टाकून द्यावी. जगणे नकोसे झाल्याचे शब्द मुलाच्या तोंडून निघाले तर त्यास एकटे सोडू नये व तत्काळ रुग्णालयात न्यावे. शासनाचा 'टेलिमानस' हा 14416 क्रमांकाचा दूरध्वनी रात्रंदिवस विनामूल्य सुरू असतो. मित्रांनी घरी येऊन अर्धा तास बसावे, हाही मोठाच आधार होय.

शेवटी आपल्या समाजापुरते थोडे परखड बोलण्याची परवानगी असावी. मुलगी थकते, शाळेत जात नाही, हे बाहेर समजले तर पुढे स्थळे येणार नाहीत, या भीतीने कित्येक घरांत आजार झाकून ठेवला जातो. काही घरांत याच्या उलट, शाळा सुटलीच आहे तर लग्न उरकून टाकू, असा विचार होतो. अठरा वर्षांच्या आत विवाह हा कायद्याने गुन्हा आहे, ही एक गोष्ट झाली. आणि स्वतःच्या अंगाचे ओझे न पेलणाऱ्या मुलीवर सासरचा संसार लादणे ही दुसरी. सासरी तिच्यावर कोण विश्वास ठेवील? आपल्या मंडळाने वधूवर परिचय मेळावे भरविले, विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या दिल्या. त्याच परंपरेत आमच्या तीन सूचना आहेत. आजारपणामुळे वर्ष वाया गेलेल्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती बंद न करता पुढे चालू ठेवावी. वर्षातून एकदा समाजातील सर्व कुमारवयीन मुलामुलींच्या रक्ततपासणीचे शिबिर भरवावे. आणि गुणगौरवाच्या यादीत टक्केवारीबरोबर एक स्थान अशा विद्यार्थ्यासाठी राखावे, ज्याने दीर्घ आजारातून शिक्षणाचा धागा तुटू दिला नाही.

या विकारातून मुले बाहेर पडतात काय, असे पालक नेहमी विचारतात. ऑस्ट्रेलियातील अशा शेकडो मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेण्यात आला, तेव्हा दहा वर्षांच्या आत सुमारे दोन-तृतीयांश मुलांनी आपण बरे झालो असे सांगितले. प्रौढांच्या मानाने मुलांचे भवितव्य पुष्कळ अधिक आशादायक आहे. पण हा काळ महिन्यांचा नसून वर्षांचा असू शकतो, आणि ती वर्षे मुलाने अपमानात काढली की आधारात, हे आपल्या हाती आहे. आज घरी गेल्यावर ओळखीतील अशा एखाद्या लेकराची आठवण झाली, तर त्याच्या उशाशी जाऊन बसा, आणि त्यास काही न सांगता प्रथम त्याचे ऐका.